मार्फत कोंडीबा चहावाले

सोलापूर, ७ एप्रिल १९७५

तीर्थरूप दादांस कुंडलिकचा नमस्कार.

शिरसाष्टांग लिहिणार होतो, पण पोटाचे टाके परवाच काढलेत, वाकवत नाही. शिवाय आठ वर्षांत तुम्ही माझा साधा रामराम घेतला नाही, मग शिरसाष्टांग कशाला वाया घालवू?

हे पत्र मुद्दाम आंतरदेशीयावर लिहून सगळ्या कडा खळीनं डकवल्या आहेत. वाडीचं सगळं टपाल पोस्टमन एस. टी. थांब्यावरच्या कोंडीबाच्या हॉटेलात टाकतो आणि कोंडीबा उघडी कार्डं चहा ओतता ओतता मोठ्यानं वाचतो, हे मी विसरलेलो नाही. विसरीन कसा? यातली गोष्ट कमरेखालची आहे आणि ती तुमची आहे. म्हणून डकवलं.

आधी माझं सांगतो. मी मेलेलो नाही. ड्रायव्हर कुंडलिक गाडीवरच गेला अशी आवई वाडीत उठली होती म्हणे. माझी लघवी तुंबली होती. इथल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. लघवीच्या वाटेभोवती एक ग्रंथी असते, प्रत्येक पुरुषाला असते, तुम्हालाही आहे, नाक मुरडू नका. डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणतात. पन्नाशीनंतर पुष्कळांची ती वाढते आणि वाट आवळते. माझी लिंबाएवढी झाली होती. ती काढली, आणि तुंबलेल्या लघवीत धरलेला एक खडाही काढला. खडा मी बाटलीत घालून घरी पाठवला. आमची कारभारीण तानाबाई म्हणते, असली घाण घरात नको. मी म्हटलं, इतकी वर्षं पोटात वागवला, आता फळीवर राहू दे.

आता तुमचं. परवा वहिनी मला बघायला आल्या होत्या. मंगळवेढ्याला बांगड्या भरायला जाते असं तुम्हाला सांगून त्या सोलापूरच्या गाडीत बसल्या. त्यांच्यावर डोळे वटारू नका. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाटेवर ठेवली आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "भावजी, तुमी तरी दवाखान्यात पोचला. ह्यास्नी कोण पोचवणार? ह्यांच्या धोतराला लाल डाग पडत्यात. संक्रांतीला पडलं, मग थांबलं. शिवरातीला पडलं, मग थांबलं. आता शिमग्यापसनं परत चालू हाय. इचारलं तर म्हंत्यात, उन्हाळी हाय, कलिंगड खाल्लं की जाईल. आग हुती का म्हणलं, तर म्हंत्यात, आग न्हाय, कळ न्हाय, तू गप धुनं धू."

दादा, उन्हाळी लागली की लघवीला आग होते. आग नाही तर ती उन्हाळी कसली? मी डॉक्टरांना विचारलं. तुमचं नाव घेतलं नाही, गावाकडचे एक शेतकरी आहेत म्हणालो. डॉक्टर हातातलं काम टाकून माझ्याकडं वळले. म्हणाले, "दुखून रक्त आलं की माणूस पळत येतो. न दुखता आलं की घरी बसतो. मला त्या घरी बसणाऱ्याचीच जास्त काळजी वाटते. एकदाच येऊन थांबलं तरी यायचं. थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही." कशाचं असेल विचारलं, तर म्हणाले, "खडा असेल, जंतू असतील, लघवीच्या पिशवीत गाठही असेल. बघितल्याशिवाय मी सांगणार नाही आणि त्यांनीही सांगू नये."

तेव्हा पुढच्या मंगळवारी, १५ तारखेला, पहिल्या गाडीनं या. लघवीच्या विकारांचे पेशंट मंगळवारी बघतात. तोवर मला घरी सोडलेलं असेल, मी स्टँडवर येतो. माझ्याशी बोलू नका, माझ्या घरचं पाणी पिऊ नका, पण या.

जुनं काही काढणार नाही.

कुंडलिक


सोलापूर, १६ एप्रिल १९७५
उघडी कार्डं, एक ते तीन
महिपती यांस, मार्फत कोंडीबा चहावाले, एस. टी. थांबा

दादा, पत्र परत आलं. वर 'घेण्यास नकार' असा शेरा आहे. काल पहिल्या गाडीला मी पोटावर हात धरून स्टँडवर उभा होतो. सगळी गाडी उतरली. तुम्ही नव्हता.

ठीक आहे. डकवलेलं पत्र नाकारता येतं. उघडं कार्ड नाकारायच्या आत वाचून झालेलं असतं. कोंडीबा, किटली खाली ठेव आणि मोठ्यानं वाच. सदुसष्ट साली वाचलंस तसंच वाच. जुनं काढणार नाही म्हणालो होतो. काढतो.

मंडळी, ऐका. सदुसष्टच्या उन्हाळ्यात मी लांबच्या, मुक्कामाच्या गाडीवर होतो. ड्रायव्हरची सीट म्हणजे इंजिनाला मांडी लावून बसणं. दिवसभर पाणी कमी प्यायचं, कारण प्यालं की उतरावं लागतं आणि उतरलं की गाडीला उशीर. लघवीला आग व्हायला लागली. मी दादांना कार्ड टाकलं. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. "इंजिनाच्या धगीनं मला गरमी झाली आहे. लघवीला आग होते. वहिनींना सांगून सब्जा पाठवावा." बस्स.

आमच्या डेपोत उष्णतेला गरमीच म्हणतात. वीस वर्षं स्टेअरिंगवर बसून मी वाडीचा शब्द विसरलो. वाडीत लघवीला आग झाली की उन्हाळी लागली म्हणतात, आणि गरमी म्हटलं की एकच रोग, बाहेरख्याली करणाऱ्याला होतो तो. मी एक शब्द चुकलो. माझा गुन्हा तेवढाच.

कोंडीबानं वाचलं आणि अख्खा थांबा हसला. ड्रायव्हर, त्यात मुक्कामाची गाडी, मग पुरावा कुणाला हवा? चार दिवसांत ते मैंदर्गीला पोचलं. तिथल्या घरात माझ्या सोनीची सुपारी फुटली होती. त्यांनी लुगडं परत पाठवलं. जत्रेला मी वाडीत आलो तर माझं ताट बाहेर ओट्यावर मांडलं होतं, आणि दादा, तुम्ही आत बसून जेवत होता. मी ताटाला हात न लावता उठलो. तुम्ही उंबऱ्यातून म्हणालात, "आता हितं पाय ठिवू नगंस." त्यानंतर आजपर्यंत तुमचा शब्द मी ऐकलेला नाही.

सोनी आज केमला सुखात आहे, जावई रेल्वेत आहेत. पण त्या वर्षी माझी पोर दोन महिने नळावर पाण्याला गेली नाही. ते मी विसरणार नाही.

गरमी नव्हती, मंडळी. उन्हाळी होती. वाचलंस का कोंडीबा? आता परत वाच.

दादा, २२ तारखेच्या मंगळवारी या. नाही आलात तर कशासाठी बोलावतो आहे ते पुढच्या कार्डावर लिहीन.

कुंडलिक


सोलापूर, १९ एप्रिल १९७५
उघडी कार्डं, चार ते सहा
मार्फत कोंडीबा चहावाले

दादा, धमकी दिली खरी. लिहायला बसलो आणि हात वळला नाही. एका उघड्या कार्डानं माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. तेव्हा तुमचं राहू दे, माझंच लिहितो. कोंडीबा, बायका पाण्याला थांबल्या असतील तर त्यांनाही ऐकू दे. नवरे त्यांचेच आहेत.

आठ वर्षं मी डॉक्टरकडं गेलो नाही. आग सब्जानं कमी व्हायची, परत यायची. पुढं पुढं वेगळंच सुरू झालं. लघवीला बसायचं आणि वाट बघायची. धार सुतासारखी. संपली म्हणून उठावं तर दोन पावलांवर विजार ओली. झोपेतून पाच-पाच वेळा उठायचं. तानाबाई म्हणायची, वय झालं. मीही म्हणायचो, वय झालं. म्हातारपणावर काहीही ढकललं की ते निमूट घेतं.

दवाखान्याच्या पायरीपर्यंत मी तीनदा गेलो आणि तीनदा परतलो. केसपेपर लिहिणारा विचारणार, काय होतंय? मी काय सांगणार? तोही वाडीसारखाच हसला तर? नसलेला रोग लपवायला मी असलेला रोग पोसत बसलो. मला वाघासारखा ड्रायव्हर म्हणतात. हा वाघ एका कारकुनाला भ्यायला, हे लिहून ठेवतो.

गेल्या महिन्याच्या बारा तारखेला मंगळवेढ्याहून गाडी घेऊन निघालो. सकाळपासून थेंब नव्हता. पोट मडक्यासारखं तटतटलेलं. दोनदा गाडी थांबवून बाभळीआड जाऊन आलो, काही नाही. पॅसेंजर ओरडायला लागले. कंडक्टर पीरसाब पुढं येऊन म्हणाला, "कुंडलिकभाई, क्या हुवा? तोंड पांढरंफटक पडलंय की तुमचं." बारा वर्षांचा माझा कंडक्टर, पण त्यालाही सांगायला जीभ उचलेना. मग डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी गाडी रस्त्याकडेला लावून किल्ली त्याच्या हातात दिली. साठ माणसं होती गाडीत. त्यांच्यासमोर ओरडून सांगितलं, "मुतायला होईना मला!" कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं पोटाखाली धरायला स्वतःची वाकळ दिली. पीरसाबनं हात आडवे करून एक ट्रक थांबवला.

दवाखान्यात नळी घातली. दीड तांब्या लघवी निघाली. मी वॉर्डातल्या सगळ्यांदेखत रडलो. दुखलं म्हणून नाही, सुटलो म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून?" म्हटलं, "आठ वर्षं." "आठ वर्षं काय केलंत?" म्हटलं, "सब्जा खाल्ला." डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, तुंबलेली लघवी मागं रेटून मूत्रपिंडं निकामी करते, तुम्ही थोडक्यात वाचलात.

आणि ऐका. ज्या प्रश्नाला मी आठ वर्षं भ्यायलो, तोही त्यांनी विचारला. खोकला आहे का विचारावं तशा सुरात. बाहेर कुठं जाता का? मी नाही म्हणालो. त्यांनी नाही लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. हो म्हणालो असतो तर हो लिहून त्याचंही औषध दिलं असतं. संपलं. एवढ्यासाठी मी मरायला टेकलो होतो.

मंगळवारी पहिल्या गाडीला मी इथं स्टँडवर येतो आहे. उतरा.

कुंडलिक


सोलापूर, २४ एप्रिल १९७५
उघडी कार्डं, सात आणि आठ
मार्फत कोंडीबा चहावाले

दादा, मंगळवार गेला. तुम्ही नव्हता. पीरसाब मात्र आला, आता तो वाडीवरून जाणाऱ्या गाडीवर आहे. म्हणाला, "भाई, तुमच्या कार्डापायी गाडी लेट होतीय. थांब्यावरची मंडळी कार्ड ऐकल्याबिगर चढंनात." तुम्ही काय म्हणालात तेही त्यानं सांगितलं. "ऑपरेशन पोटाचं केलं आन् टाका डोस्क्याला घातला जणू." बरं आहे. निदान माझ्याबद्दल बोललात. आठ वर्षांनी तेही गोड लागलं.

आणि म्हणे, "त्या दवाखान्यात जात न्हाय, तितं धरून नस कापत्यात." दादा, तुम्हाला चौसष्टावं चालू आहे. तुमची नस कापून सरकारला काय मिळणार आहे? नसबंदी वेगळी, हे वेगळं. तिथं कुणी कुणाला धरत नाही. विचारून, सही घेऊन मग हात लावतात.

थांब्यावरच्या एका माणसानं पीरसाबला बाजूला घेऊन विचारलं, "झोपंतनं चारदा उठावं लागतं, तहान बी लई लागती, त्येचं बी कार्ड लिव म्हणावं." त्याचं नाव मी लिहीत नाही. तो हे कार्ड आत्ता हातात धरून वाचतो आहे, आणि अडखळला असेल. अडखळू नको, पुढं वाच.

भाऊ, तू ये. गाठ असेल, साखर असेल, आणखी काही असेल, लघवी आणि रक्त तपासल्याशिवाय देवालाही कळत नाही. ज्याला आग होते, थंडी वाजून ताप येतो, त्यानं त्याच दिवशी यायचं, कलिंगडाच्या भरवशावर बसायचं नाही. कमरेतून कळ उठून जांघेत उतरते त्यानं यायचं. धार बारीक झाली, जोर करावा लागतो, सुटल्यावर थांबत नाही, त्यानं वय झालं म्हणून गप्प बसू नये, सवडीनं का होईना पण यायचं. अंडाला सूज आली, गाठ लागली, त्यानं लंगोट आवळून लपवू नये. एकाएकी तिथं जीवघेणी कळ आली तर तासाच्या आत निघायचं, आणि साफ तुंबली तर मिळेल त्या वाहनानं निघायचं. आणि ज्याला न दुखता लाल होतं, एकदाच झालं, थांबलं, तरी तो माणूस सगळ्यांत आधी गाडीत बसायला हवा. तो थांब्यावर असेल तर त्यानं ऐकलं असेल. नसेल तर त्याच्या घरी कुणीतरी सांगा. घर कुठलं ते मी सांगणार नाही.

कुंडलिक


सोलापूर, २६ एप्रिल १९७५
उघडं कार्ड, नऊ

दादा, हे शेवटचं.

२९ तारखेला मंगळवार आहे. नाही आलात तर बुधवारी पहिल्या गाडीनं मी येतो. डॉक्टरांनी गचके खाऊ नका म्हणून सांगितलं आहे, तरी येतो. वाडीत पाय ठेवू नको म्हणालात ना? ठेवणार. त्याच ओट्यावर बसीन, भाकरी मागणार नाही, पाणी मागणार नाही, आणि तुम्ही गाडीत बसेपर्यंत उठणार नाही. थोरले तुम्ही आहात, पण हट्ट आपल्या दोघांना एकाच आईनं पाजला आहे.

कुंडलिक


सोलापूर, १२ मे १९७५
जेवणाच्या डब्यासोबत

दादा,

तुम्ही वॉर्डात, मी दीड मैलावर घरात, आणि तरी पत्र. काय करू? रोज येतो, तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडता. तेरा दिवसांत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोललात. "पाणी." मी दिलं, तुम्ही प्यालात. ते मी धरून ठेवलं आहे.

त्या मंगळवारी गाडीतून आधी कोंडीबा उतरला. म्हणाला, "कपबश्या घ्यायच्या हुत्या." त्याच्यामागून एकजण चादर घ्यायला, एकजण कोर्टाच्या कामाला, एकजण पाव्हण्यांकडं. सगळ्यांत शेवटी वहिनी, आणि त्यांच्यामागं तुम्ही, टोपी डोळ्यांवर ओढून. अर्ध्या तासात सगळे दवाखान्यातल्या एकाच बाकावर. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. कोंडीबाला साखर निघाली. जन्मभर दुसऱ्यांच्या चहात घातली, ती त्याच्या लघवीत सापडली. कोर्टाच्या कामाला आलेल्याला खडा आहे. बाकीचे दोघे औषध घेऊन गेले. चादर मात्र कुणी घेतली नाही.

तुमचं तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं, पण तुम्ही ऐकलंत की नाही कोण जाणे. म्हणून लिहितो. दुर्बीण घालून बघितलं तेव्हा लघवीच्या पिशवीत गाठीसारखा मोड दिसला, तो गेल्या मंगळवारी काढला. तपासणीचा कागद काल आला. मोड वाईट जातीचा होता. लपवणार नाही, आपल्याकडं लपवून पुष्कळ झालं. पण मुळं खोल गेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "पावसाळा उलटून आले असते तर मला हे सांगता आलं नसतं." दर तीन महिन्यांनी दुर्बिणीतून बघायचं. विडी बंद. उशीखाली ठेवलेला कट्टा मी काल काढून नेला, शोधू नका.

आता माझं एक. तुम्ही न वाचता परत धाडलेलं पहिलं पत्र डब्यासोबत ठेवलं आहे, त्यात मी खोटं लिहिलं. वहिनी परवा आल्या होत्या म्हणालो. त्या एप्रिलच्या २ तारखेलाच आल्या होत्या. पाच दिवस मी पत्र लिहिलं नाही. खाटेवर पडून होतो आणि मनात म्हणत होतो, भोगा. माझ्या पोरीची सुपारी मोडली तेव्हा तुम्ही आत बसून जेवलात, आता भोगा. बरं वाटत होतं मला. पाचव्या दिवशी शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला. त्याचंही रक्त न दुखता यायचं, दोन वर्षं. त्याचा भाऊ दाराशी उभा राहून म्हणत होता, मला कुणी सांगितलंच नाही. तेव्हा मी कागद मागवला. हे तुम्हाला कळायला हवं. मी काही देवमाणूस नाही.

आणि म्हणूनच मागतो, भीक नाही, हक्कानं मागतो. आभार नकोत. वॉर्डात हळूच कानात काही सांगाल तर तेही नको. माझी अब्रू थांब्यावर गेली, चारचौघांत, मोठ्यानं वाचून. ती परत द्यायची असेल तर तिथंच द्या. मी तुमचं एक अक्षर उघड्या कार्डावर लिहिलं नाही. धमकी देऊनही नाही. ते आठवा आणि मग काय करायचं ते ठरवा. नाहीच काही केलंत तरी तीन महिन्यांनी पहिल्या गाडीला मी स्टँडवर असेन. दुर्बीण चुकवू देणार नाही.

डब्यात मुगाची खिचडी आहे. तानाबाईनं केली आहे. सगळी खा.

तुमचा धाकटा,
कुंडलिक


वाडी, ता. मंगळवेढा, २ जून १९७५
उघडं कार्ड
कुंडलिक यास, मार्फत कोंडीबा चहावाले, एस. टी. थांबा, वाडी

चिरंजीव कुंडलिकास महिपतीचा आशीर्वाद.

तुजा सोलापूरचा पत्ता मला ठाव हाय. हे कार्ड आदी हितं वाचलं जावं म्हणून हितलाच पत्ता घातलाय. मंगळवेढ्याच्या पेटीत टाकून आलोय, फिरून हितंच येईल. मागनं पीरसाब तुला पोचवंल.

माज्या पिशवीत मोड हुता. रगत येत हुतं. मी उन्हाळी म्हणून लपवलं. डाक्टरनं मोड काडला. आता लघवी साफ हाय. समद्यास्नी कळावं.

सदुसष्ट सालचं तुजं कार्ड कोंडीबानं वाचलं तवा मी थांब्यावरच हुतो. तुला उन्हाळी लागल्याली, ती मला तवाच कळली. खाली सब्जा मागितला हुतास. त्या रोगावर कोण भावजयीकडं सब्जा मागतं का? पर समदे हसले. मी बी हसलो. एकदा हसल्यावर मागं फिरता आलं न्हाय. मग तेच खरं धरून बसलो, आन् तुजं ताट भाईर मांडलं. सोनीची सुपारी माज्या हसण्यानं मोडली.

औंदा जत्रंला ये. सोनीला आन् जावयाला बी आण. तुजं ताट माज्या म्होरं मांडीन. तू जेवल्याबिगर मी जेवणार न्हाय.

पीरसाबकडं सब्जा धाडलाय. आठ वर्सं उशीर झाला. डाक्टरला इचारून खा.

कोंडीबा, हे मोठ्यानं वाच.

महिपती

(खाली पेन्सिलीनं, दुसऱ्या हातचं)

वाचलं. दोन डाव वाचलं. कुणी हसलं न्हाय. — कोंडीबा